सहप्रवाशाचे नाव : भाऊ

"पाण्यात नाही हं आई, पाण्यावर. रोज एकदा तरी. आणि तू उभी राहू नकोस, बसूनच राहा."

लेक नोकरीसाठी परगावी निघाली तेव्हा एक पाय चपलेत आणि एक हवेत अशा अवस्थेत दारातून तिने मला हे बजावलं. इतरांच्या मुली निघताना आईला औषधं वेळेवर घ्यायला सांगतात. आमचीला माझ्या रक्तदाबापेक्षा भाऊची काळजी जास्त. मी नुसती मान डोलावली, कारण पावणेनऊ वाजले होते आणि नऊपर्यंत माझं मौन असतं.

भाऊ म्हणजे आमचा कुत्रा. लेक एकुलती एक. पंधरा वर्षांची असताना तिने "मला भाऊ हवा" म्हणून घर डोक्यावर घेतलं, आणि आमच्या त्या वयात तो हट्ट पुरवायचा हा एवढाच सभ्य मार्ग उरला होता. आता भाऊ नऊ वर्षांचा आहे. अंगाने काळा, मिशा पांढऱ्या, वजन अडतीस किलो, आणि चेहरा सभेत शेवटी बोलायला मिळालेल्या अध्यक्षासारखा. लेक त्याला रोज सकाळी तळ्यावर न्यायची आणि क्लबच्या जुन्या लाकडी होडीत पुढे बसवून एक चक्कर मारायची. ती गेली, तिच्याबरोबर क्लबचं सभासदत्व गेलं, आणि भाऊने गळा काढायला सुरुवात केली.

दुपारी बारा ते चार. एकच सूर, पण लांबलचक.

पाण्यावरून येईल त्या दिवशी तो दुपारभर मेल्यासारखा झोपतो, हे आम्हाला ठाऊक होतं. पाण्यावर न्यायचं कसं, ते ठाऊक नव्हतं. मी त्याला तळ्याच्या काठाने फिरवून पाहिलं. तो काठावर बसून होड्यांकडे बघायचा आणि घरी येऊन दुप्पट जोमाने गायचा.

आता समोरच्या बिऱ्हाडात राहते नर्सबाई. रात्रपाळी करून पहाटे सहाला येते, मुलीला शाळेत धाडते, स्वयंपाक करते, आणि बारा ते चार झोपते. म्हणजे झोपायची. तिने सोसायटीकडे तक्रार केली, आणि सेक्रेटरींचं पत्र आलं : "सदर प्राण्याची महिनाअखेरपर्यंत अन्यत्र व्यवस्था करावी." ह्यांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने लगेच अन्यत्र व्यवस्था सुचवली. त्यांच्या मेव्हण्याचं शहराबाहेर गोदाम आहे. "राखणीला कुत्रा हवाच होता," ते म्हणाले, "साखळी आमची."

साखळी! जो प्राणी नऊ वर्षं आमच्या पायपुसण्यावर डोकं आणि माझ्या चपलेवर पंजा ठेवून झोपला, त्याला साखळी. मी लेकीला फोन केला. ती रडली, मग नाक पुसून म्हणाली, "आई, पॅडल बोर्ड घे. हवा भरायचा असतो, घडी घालून कपाटावर राहतो. वर भाऊला बसवायचं आणि वल्हं मारायचं. सोप्पं असतं."

सोप्पं हा शब्द ज्याने काढला त्याने कधी घर चालवलं नसावं.

माझे नेम इथे सांगायला हवेत, कारण पुढचा सगळा घोळ त्यांच्यातूनच झाला. पहाटे उठल्यापासून नऊपर्यंत मौन, त्यात जप. आणि दिवसभर खोटं बोलायचं नाही. अकरा वर्षं झाली. मौनात मी चिठ्ठ्याही लिहीत नाही, कारण ते कागदावर बोलणंच झालं. आमचे हे म्हणतात, "तुझं मौन म्हणजे माझ्या दिवसातला सगळ्यात सुखाचा वेळ," आणि हे खोटं आहे, कारण त्या वेळात त्यांना त्यांचे मोजे सापडत नाहीत.

बोर्ड घ्यायचा म्हटल्यावर हे म्हणाले, "फळी ती फळी. दुकानात जा, लांब दिसेल ती उचल." ह्यांना पाण्याचं एवढं वावडं आहे की समुद्राचं चित्र असलेलं कॅलेंडरसुद्धा ते जूनचं पान येताच उलटून ठेवतात. त्यांच्या मताला इथे किंमत नव्हती. म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या गणितकाकांना विचारलं. ते निवृत्त शिक्षक. गणित सोडून सगळं विसरलेत.

"बोर्ड म्हणजे दहावीचा का बारावीचा?" त्यांनी जिन्यातच विचारलं.

मी समजावून सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढून भिंतीवर लिहायची तयारी केली. "सोपं आहे. दोघांच्या वजनाची बेरीज, गुणिले दीड. तेवढा भार पेलणारी फळी. कुत्रा?"

"अडतीस."

"तुम्ही?"

जिन्यात माणसं होती. सेक्रेटरींच्या सौभाग्यवती खालून वर येत होत्या. "चौऱ्याहत्तर," मी माझ्या मते ऐकू जाईल इतपत म्हणाले.

"चव्वेचाळीस?"

काय सांगू, किती मोह झाला! मी काही खोटं बोलले नव्हते, फक्त त्यांनी ऐकलेलं दुरुस्त केलं नसतं, इतकंच. पण नेम हा नेम. "चौऱ्याहत्तर!" मी म्हणाले, आणि आमच्या जिन्याला घुमायची सवय आहे.

"एकशे बारा गुणिले दीड, एकशे अडुसष्ट!" काकांनी त्याहून मोठ्याने जाहीर केलं. ज्यांनी पहिला भाग ऐकला नव्हता, त्यांचा समज आजतागायत तसाच आहे. सौभाग्यवती दुसऱ्या दिवशी भेटल्या तेव्हा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "चालणं फार चांगलं हो, वहिनी. हळूहळू उतरतं."

एवढा आकडा हाती घेऊन दुपारी मी खेळाच्या साहित्याच्या दुकानात फोन लावला. दुकानदार आवाजावरून मोठा अदबशीर वाटला.

"किती जणांसाठी हवाय, ताई?"

"मी आणि भाऊ."

"वा! भाऊंचं वजन?"

"अडतीस किलो."

"तब्येत बरी नसते का त्यांची?"

"नाही हो, चांगला धडधाकट आहे. सांधे जरा धरलेत, वय झालं. पाण्यावर नेलं की त्याला बरं वाटतं. नाहीतर दुपारभर रडतो."

"अरेरे. पोहता येतं का?"

"उत्तम येतं. फक्त बाहेर आला की सगळ्यांच्या अंगावर पाणी झाडतो."

"हो का. बसून राहतील ना फळीवर? मध्येच उठणार तर नाहीत?"

"पक्षी दिसला तर काही सांगता येत नाही," मी खरं ते सांगितलं. "आणि मला एक भीती आहे. फळी हवेची म्हणता, तर त्याच्या नखांनी फाटणार नाही ना? मी महिन्याला कापून आणते, पण फार कणखर आहेत."

मग त्याने दबक्या आवाजात विचारलं, "ताई, चावतात का?"

"छे हो! नऊ वर्षांत एकदाच, पोस्टमनला. तेही लाडाने."

दुकानदाराने खोल श्वास घेतला. "ताई, काही काळजी करू नका. माझ्याकडचा बोर्ड चौतीस इंच रुंद आहे, साडेदहा फूट लांब. अरुंद फळी वेगाने जाते, पण डगमगते, ती तुम्हाला नको. याच्यावर पुढपासून मागपर्यंत रबराची चटई आहे, म्हणजे भाऊ घसरणार नाहीत. पुढे मूठ आहे, ती त्यांना धरायला सांगा. आणि पाण्यात तरंगवणारं एक जॅकेट मी माझ्याकडून पाठवतो. सख्ख्या भावाचं एवढं हल्ली कोण करतं, ताई!"

मला वाटलं, प्राण्यांवर किती माया आहे या माणसाची! बाकी काही मनात आलं नाही. जॅकेट आलं तेव्हा मात्र त्यावर 'पुरुष, मध्यम' लिहिलेलं होतं आणि शेपटीला कुठेही वाट नव्हती.

बोर्ड आला, आणि लेकीच्या दुसऱ्या सूचनेप्रमाणे भाऊला आधी घरात सराव द्यायचं ठरलं. सकाळी सातला, म्हणजे भर मौनात, मी बैठकीच्या खोलीत गुंडाळी उलगडली आणि हातपंपाने हवा भरायला बसले. दोनशे झटके मोजून मारले. जपाची सवय असल्याने मोजण्यात चूक झाली नाही. हळूहळू ती वस्तू ताठ झाली. खोली अकरा फुटांची, वस्तू साडेदहा. फळीचं एक टोक पुस्तकांच्या कपाटाला टेकलं आणि दुसरं, हे माझ्या ध्यानात यायला उशीर झाला, झोपायच्या खोलीच्या दाराला. ते दार बाहेर उघडतं. आत हे दाढी करत होते.

भाऊ आनंदाने फळीवर चढला, मधोमध बसला आणि समोरच्या कपाटाकडे असा बघू लागला की जणू क्षितिजच.

आतून दार ढकललं गेलं. "अगं, दार का लावलंस?"

मी गप्प.

"अगं ए! आठ पंचवीसची मीटिंग आहे माझी!"

मी भाऊला खाली ओढायचा प्रयत्न केला. अडतीस किलोचा प्राणी आपण उतरायचं नाही असं ठरवतो तेव्हा तो साठ किलोचा होतो.

"निदान हूं तरी म्हण! तू बरी आहेस ना?" यांचा आवाज आता चढला. दारावर धपाधप बुक्के. "पडलीस का? ऐकू येतंय का? अहो, कुणीतरी या हो!"

धावत आली नर्सबाई. पाळी करून आलेली, अंगावर अजून गणवेश. माझं दार नुसतं लोटलेलं होतं. तिने आत पाय टाकला तो थेट माझ्या मनगटाची नाडी धरायलाच. मग तिला फळी दिसली, कुत्रा दिसला, दारामागचा आवाज ऐकू आला, आणि तिने काहीही न विचारता खाली वाकून झडपेचं टोपण दाबलं. रुग्णालयात असली टोपणं रोजच हाताखालून जात असतील. फळीने दीर्घ निःश्वास सोडला, दार हातभर उघडलं, आणि त्या फटीतून अर्ध्या दाढीचे आमचे हे बाहेर आले.

"काकू," नर्सबाई म्हणाली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. "मला तुमच्याशी भांडायचं नाहीये. भाऊवर माझाही राग नाही. पण काल दुपारी मी चाळीस मिनिटं झोपले. रात्री एकाच्या औषधावर दुसऱ्याचं नाव लिहीत होते, शेवटच्या क्षणी लक्षात आलं. मी थकलेय हो, काकू."

मी हात जोडले. सात चाळीस झाले होते, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच माझं मौन मला देवापेक्षा मलाच सोयीचं वाटलं.

त्याच आठवड्यात तळ्याच्या कार्यालयात गेले. अर्ज घ्यायची वेळ सात ते नऊ. दुसरी वेळच नाही! फॉर्म भरणं मौनात बसतं, असा मी स्वतःपुरता निवाडा केला, कारण बोललेलं कुणीतरी ऐकतं आणि फॉर्म कुणीही वाचत नाही.

कारकुनाने मात्र वाचला. "जलवाहनाचा प्रकार : फळी? बाई, नियमात होडी आहे, वल्ह्याची नाव आहे, तराफा आहे. फळी नाही. इतर लिहिलंत तर अर्ज वरच्या कचेरीत जाणार, आणि तिथून अजून काही परत आलेलं मी पाहिलं नाही. तराफा लिहू?"

मी मान हलवली.

"तराफ्याला किमान दोन माणसं लागतात. सहप्रवाशाचे नाव, भाऊ." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "नावाच्या रकान्यात नातं लिहिलंत, आणि नात्याचा रकाना मोकळा! घाई करता तुम्ही लोक." त्याने एक बाण काढून भाऊला शेजारच्या रकान्यात ढकललं. नात्याचा रकाना मी मुद्दामच मोकळा ठेवला होता. कुत्रा म्हणजे आपला कोण, याचं खरं उत्तर मला रांगेत उभ्या उभ्या सुचलं नव्हतं. "सख्खे का?"

प्रश्न असा आला की मला भाऊचं ते चपलेवर पंजा टाकून झोपणं आठवलं. मी मान हलवली. मनापासून, होकारार्थी हलवली.

"वय, नऊ. पुढचा आकडा राहिला, बाई." माझ्याकडे त्याने एकदा नीट पाहिलं, हिशेब केला, आणि नऊच्या आधी स्वतःच पाच मांडला. मी एकोणसाठची दिसते की काय, या धक्क्यात मी हात वर करेपर्यंत शिक्का पडलासुद्धा.

पहिल्या सकाळी परवाना, बोर्ड, वल्हं, जपमाळ, टॉवेल धरायला हे, आणि भाऊ असा लवाजमा तळ्यावर गेला. तोच कारकून फाटकाशी होता. "या. तुमचे भाऊ कुठेत?"

मी बोट दाखवलं.

तो बराच वेळ भाऊकडे बघत राहिला. भाऊनेही अध्यक्षीय नजरेने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने परवाना पाहिला, स्वतःच्या अक्षरातला पाच पाहिला, आणि मान खाजवली. "क्लबच्या होड्या सोडल्या तर तळ्यावर कुत्र्यांना मनाई आहे," तो यांना उद्देशून हळूच म्हणाला. "पण हा कागद चूक म्हणायचा, तर चूक कुणाची ते लिहावं लागेल. भावांना मनाई नाही. भाऊंना जॅकेट मात्र घालावं लागेल."

पुरुष, मध्यम. भाऊला ते मागून झब्ब्यासारखं लोंबत होतं.

मी गुडघ्यांवर बसले, भाऊ पुढे बसला, यांनी घोट्याइतक्या पाण्यात उभं राहून, डोळे मिटून, आम्हाला लोटून दिलं. आणि काय सांगू! फळी सरकली तसा भाऊचा सगळा देह सैलावला. त्याने मूठ धरली नाही, पण हनुवटी तिच्यावर टेकवली. पाण्याचा तो बारीक चुळूक चुळूक आवाज, आणि माझा जप आपोआप त्याच तालात. देवघरात इतकं मन कधी लागलं नव्हतं, हे देवापासून लपवण्यात अर्थ नाही.

सात बावीसला बदक आलं.

भाऊ उठला. फळी डावीकडे कलली. तो झेप घ्यायच्या बेतात, सांधे धरलेले, आणि अंगात शेपटीवर ओढणारं ते जॅकेट. अकरा वर्षं, चार हजार सकाळी, एकदा चटका बसला तेव्हासुद्धा माझ्या तोंडून नऊच्या आत शब्द गेला नव्हता.

"भाऊ, बस!"

भाऊ बसला. पाण्यावरून आवाज लांब जातो. काठावर व्यायाम करणारे एक गृहस्थ होते, तेही बसले. आमचे हे टॉवेल छातीशी धरून माझ्याकडे असे बघत होते, जणू मूर्ती बोलली. मी ओशाळून क्षमा मागायला आकाशाकडे पाहिलं, आणि मीच पाण्यात पडले.

परत वर चढायला चार प्रयत्न केले. चौथ्यात कमरेत काहीतरी कट्कन वाजलं, तेव्हा तो नाद सोडला. फळी ढकलत पोहत काठाला आले. भाऊ कोरडाठाक, मान ताठ, समोर नजर. बघणाऱ्याला वाटावं, कुणी संस्थानिक बहिणीकडून होडी हाकून घेतोय.

चुकलेल्या दोन शब्दांसाठी त्या दिवशी मौन दहापर्यंत वाढवलं. हे म्हणाले, "रोज एकेक शब्द चुकत जा." पण म्हणताना माझ्या कमरेला शेक देत होते.

त्या दुपारी भाऊने डोळा उघडला नाही. साडेचारला दारावर टकटक झाली. नर्सबाई. गालावर उशीची वळी उमटलेली.

"काकू, मी झोपले. पूर्ण चार तास." तिने झोपलेल्या भाऊकडे पाहिलं. "हे एकच दिवस, की...?"

"रोज," मी म्हणाले. "रोज नेईन त्याला. शब्द देते."

"तुमचा शब्द म्हणजे..." तिने वाक्य पुरं केलं नाही. तक्रार मागे घ्यायला ती त्याच पावली गेली. सेक्रेटरींनी बजावलं, पुन्हा एक तक्रार आली तर महिनाअखेरचीही वाट बघायची नाही. गोदामवाल्यांनी तोवर साखळीचं माप विचारायला फोनही केला होता.

आणखी चार दिवस नेलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी भाजीची पिशवी उचलायला वाकले, ती वाकलेलीच राहिले. डॉक्टरांनी तीन दिवस अंथरूण सांगितलं. पडल्या पडल्या मी फक्त छताकडे बघत होते.

"एक दिवस नाही गेला तळ्यावर, तर काय आकाश कोसळतंय?" हे म्हणाले. "कुत्रा आहे तो. समजून घेईल."

हे कूस बदलून झोपले, आणि मग लगेच परत वळले. "नर्सबाईला मी सांगतो हवं तर."

"तिला काय सांगाल? झोपू नकोस म्हणून?"

यांनी दिवा मालवला.

पहाटे मी पडूनच माळ ओढत होते. कपाटावरून काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. डोळे किलकिले करून पाहिलं. हे, जुन्या पायजम्यात, बोर्डाची पिशवी उतरवत होते. वल्ह्याचा एक तुकडा हातातून निसटला, ठक्क झालं, आणि ते जागच्या जागी थिजून माझ्याकडे बघू लागले. मी डोळे मिटून घेतले. भाऊची शेपटी आनंदाने कपाटावर धपधपायला लागली, तर यांनी ती हाताने धरून ठेवली आणि ओठांवर बोट ठेवून त्याला दटावलं. मग ड्रॉवर उघडून परवाना घेतला, दोनदा वाचला, आणि वरच्या खिशात ठेवला.

दार इतकं हळू लावलं गेलं की लागल्याचं कळलंच नाही.

भिंत धरत धरत मी खिडकीशी गेले. 'जपून' हा शब्द गळ्यापर्यंत आला होता. खाली फाटकाशी हे अडकले होते. पाठीवर पिशवी, एका हातात वल्हं, दुसऱ्यात भाऊचा पट्टा, आणि कडी काढायला तिसरा हात नव्हता. तेवढ्यात पाळी संपवून नर्सबाई आली. तिने यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, मग वर, माझ्या खिडकीकडे. तिने कडी काढली, फाटक पूर्ण उघडून धरलं, आणि हे बाहेर पडताना त्यांच्या पाठीवरचा एक सुटलेला पट्टा घट्ट बांधून दिला.

यांनी दोन पावलं टाकली. थांबले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, आणि भाऊ ओढत होता त्या दिशेने, तळ्याकडे, चालू लागले.